नोटीस कोणाच्या दारावर?

लग्न हा ज्याचा त्याचा खाजगी मामला आहे, त्यात इतरांनी नाक खुपसू नये, असे म्हणण्याची आता रीत पडली आहे. तत्त्व म्हणून हे म्हणणे निर्विवाद आहे. दोन सज्ञान माणसांनी कोणाशी, कोठे आणि कोणत्या पद्धतीने विवाह करावा हे ठरविण्याचा अधिकार त्या दोघांचाच असला पाहिजे. जातीच्या, धर्माच्या आणि पुरोहिताच्या पहाऱ्यातून विवाहसंस्था मुक्त करण्यासाठी महाराष्ट्रात दीड शतक जो लढा चालला, त्याचा आशय हाच होता. परंतु एखादे तत्त्व समाजात कोणाला लागू होते आणि कोणाला होत नाही हे पाहिल्यावाचून त्याची खरी किंमत कळत नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, मालवण, तारकर्ली, देवबागपासून खाली वेंगुर्ले-शिरोड्यापर्यंत, ज्याला 'डेस्टिनेशन वेडिंग' म्हणतात त्या लग्नांचा जो धंदा आकार घेऊ लागला आहे, त्याच्या निमित्ताने ही किंमत तपासून पाहता येते.

या धंद्याची जाहिरात सर्वांच्या परिचयाची आहे. पांढरी वाळू, मावळता सूर्य, माडांच्या रांगा, फुलांचा मंडप. तीन दिवसांचा कार्यक्रम, शेदोनशे पाहुणे, आणि सर्व 'कायदेशीर बाबी' व 'परवानग्या' यांची जबाबदारी कंत्राटदाराकडे. लग्न करणाऱ्याने फक्त पैसे मोजावेत आणि हजर राहावे. या 'कायदेशीर बाबी' म्हणजे नेमके काय, हे एकदा नीट मांडले तर कायदा कोणावर डोळे वटारतो आणि कोणाकडे काणाडोळा करतो याचा उलगडा होतो.

दोन लग्ने

पहिले लग्न असे समजा, की मालवणचा एक तरुण आणि परधर्मातील एक तरुणी यांना विवाह करायचा आहे. दोघेही नोकरी करणारे, घरच्यांचा विरोध, गाठीशी फारसे काही नाही. त्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखेरीज सन्मानाचा दुसरा मार्ग नाही. या कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दोघांपैकी निदान एकाचे वास्तव्य, नोटीस देण्याच्या आधी सलग तीस दिवस, त्या जिल्ह्यात असले पाहिजे. मग विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यायची. ती नोंदवहीत चढते, नोंदवही कोणीही पाहू शकतो, आणि नोटिशीची प्रत कचेरीत ठळक ठिकाणी डकविली जाते. दोघांपैकी कोणाचे कायमचे वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तेथील कचेरीतही ती लागते. त्यानंतर तीस दिवस कोणालाही आक्षेप घेण्याची मुभा. हे सर्व पार पडले तर नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांच्या समक्ष, विवाह अधिकाऱ्यापुढे एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे ठराविक वाक्य उच्चारावयाचे. विवाह कचेरीतच झाला पाहिजे असे नाही. जादा शुल्क भरल्यास वाजवी अंतरावरील दुसऱ्या जागी अधिकारी येऊ शकतो, आणि विधीचे स्वरूपही वधूवरांना हवे ते ठेवता येते. म्हणजे हे जोडपे कायद्याने चिवला किनाऱ्यावरही लग्न लावू शकेल. प्रत्यक्षात मात्र त्या तीस दिवसांत नोटिशीवरील नावे वाचून भावकी, जातीचे पुढारी आणि धर्मरक्षणाचा मक्ता घेतलेल्या संघटना त्यांच्या दारात पोचलेल्या असतात.

दुसरे लग्न असे समजा, की मोठ्या शहरातील एका धनिक घराण्याने तारकर्लीच्या किनाऱ्यालगत लग्नाचा बेत केला आहे. वधूवर एकाच धर्माचे. त्यांच्यासाठी १९५५ चा हिंदू विवाह कायदा आहे. त्यात ना वास्तव्याची अट, ना नोटीस, ना आक्षेपाची मुदत. रूढीप्रमाणे विधी व्हावेत आणि मागाहून नोंदणी व्हावी एवढेच पुरे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने ही नोंदणी नव्वद दिवसांच्या आत करावयाची असते, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वधर्मीय विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश राज्यांना दिले होते. वधूवर भिन्नधर्मीय असले तरी श्रीमंतांची वाट सोपीच असते. शहरातील कचेरीत आधीच नोंदणी-विवाह उरकून घ्यायचा आणि किनाऱ्यावर फक्त सोहळा करायचा. कायद्याच्या लेखी ते लग्न मुंबईत किंवा पुण्यात लागलेले असते. मालवणला येते ती वरात.

येथे एक गोष्ट लग्नाळूंनीही ध्यानात ठेवावी. कंत्राटदाराने रचून दिलेली प्रतिज्ञा समुद्राकडे तोंड करून म्हटली आणि अंगठ्या बदलल्या, एवढ्याने हिंदू विवाह कायद्याखाली विवाह होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की या कायद्याखालील विवाहाला त्यातील विधी झालेले असणे आवश्यक आहे. ते झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही. विवाह म्हणजे गाण्या-नाचण्याचा आणि खाण्या-पिण्याचा प्रसंग नव्हे, असेही न्यायालयाने सुनावले. ज्यांना विधी नको असतील त्यांच्यासाठी १९५४ चा कायदा आहे. शेजारच्या गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून विवाहाची दिवाणी नोंदणी हाच कायद्याचा गाभा आहे. नागरी निबंधकापुढे आधी इरादा जाहीर करायचा आणि काही दिवसांनी पुन्हा जाऊन त्याला दुजोरा द्यायचा. किनारा गोव्याचा असो वा मालवणचा, कायद्याला सूर्यास्ताशी कर्तव्य नाही.

परवानग्यांची वही

आता दुसऱ्या लग्नाची वही उघडून पाहावी. ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर वाजविता येत नाही. वर्षातील पंधरा दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत जी सूट राज्य सरकार देऊ शकते, ती सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी आहे, कोणाच्या घरच्या लग्नासाठी नव्हे. मद्य वाटायचे तर उत्पादन शुल्क खात्याचा तात्पुरता परवाना. ड्रोन उडवायचा तर २०२१ चे नियम. वाळूवर काही उभारायचे तर महसूल खाते, सागरी मंडळ आणि किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ज्या ग्रामीण किनाऱ्यावर लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा कमी आहे, तेथे भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत पक्के बांधकाम वर्ज्य आहे. तात्पुरत्या पर्यटन-सुविधांना मात्र भरतीरेषेपासून अवघे दहा मीटर सोडून मुभा मिळू शकते. सबंध सिंधुदुर्ग जिल्ह्याची घनता २०११ च्या जनगणनेत १६३ होती, हे लक्षात घेतले म्हणजे येथील बहुतेक किनारी गावे कोणत्या वर्गात मोडतात हे वेगळे सांगावयास नको. 'तात्पुरते' हा शब्द या धंद्याचा परवलीचा शब्द का झाला, तेही मग कळते. मंडप तात्पुरता, जनित्र तात्पुरते, स्वयंपाकघर तात्पुरते. एक गेले की दुसरे येते, आणि नोव्हेंबर ते मे हे तात्पुरतेपण कायम टिकते.

या वहीतील टेबले पुष्कळ आहेत, पण प्रत्येक टेबल आपल्यापुरता प्रश्न विचारते. आवाज किती, दारू किती, मंडप केवढा. त्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या ज्याचे पोट आहे त्याला विचारले काय, हा प्रश्न एकाही टेबलावर नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी शंभरांहून अधिक माणसांच्या कार्यक्रमाची आगाऊ सूचना स्थानिक संस्थेला देण्याची अट घातली, तीही कामाचे तीन दिवस आधी, आणि केवळ कचऱ्यापुरती. ही सूचना कोठे डकवून लावावी, ती वाचून कोणाला आक्षेप घेता यावा, असे त्यांत काही नव्हते.

या दोन लग्नांची तुलना हाच या लेखाचा मुद्दा आहे. ज्या विवाहाने कोणाच्याही विहिरीचे पाणी कमी होत नाही, कोणाची झोप मोडत नाही, कोणाचे जाळे अडत नाही, त्याची नोटीस भिंतीवर लागते आणि परक्या माणसालाही हरकत घेण्यासाठी तीस दिवस मिळतात. ज्या सोहळ्याचा भार सबंध गावाच्या पाण्यावर, वाळूवर आणि रात्रीवर पडतो, त्याची नोटीस कोठेही लागत नाही आणि भार सोसणाऱ्याला हरकतीसाठी तीस मिनिटेही मिळत नाहीत. प्रेमाला पंचनामा आणि पैशाला पायघड्या, असा हा न्याय आहे.

राज्यसंस्थेचा कलही याच दिशेने आहे. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस प्रसिद्ध करू नये असा निर्णय दिला. त्याचा बोध घेऊन कायदा दुरुस्त करण्याऐवजी महाराष्ट्र सरकारने १३ डिसेंबर २०२२ रोजी आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती जमविणारी एक समन्वय समिती स्थापन केली. टीका झाल्यावर दोनच दिवसांत 'आंतरजातीय' हा शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' तेवढा ठेवला. दुसरीकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०२३ साली भारताला विवाह-पर्यटनाचे केंद्र बनविण्याची मोहीम काढली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पंतप्रधानांनी धनिकांना परदेशात न जाता देशातच लग्ने करण्याचे आवाहन केले. मार्च २०२४ मध्ये देशातील सर्वांत श्रीमंत घराण्याच्या विवाहपूर्व समारंभासाठी जामनगरच्या विमानतळाला काही दिवसांपुरता आंतरराष्ट्रीय दर्जा देण्यात आला. एका नोटिशीपायी गरीब जोडप्याला गाव सोडावे लागते, आणि एका लग्नपत्रिकेपायी सरहद्दीचे नियम वाकतात.

वाळूवर कोणाचे काय आहे

शहरातून आलेल्या पाहुण्याला किनारा मोकळा दिसतो. ही दृष्टीची चूक आहे. मालवणचा किनारा हा कामाचा फड आहे. येथील रापण म्हणजे किनाऱ्यावरून समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकलेले आणि दोन्ही टोकांना माणसांनी दोराने ओढून घेतलेले मोठे जाळे. त्याला लांबच लांब मोकळी वाळू लागते, आणि मासळी दिसेल त्या वेळी जाळे टाकावे लागते. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा मिळालेल्या मासळीत वाटा असतो. सामायिक साधनसंपत्ती माणसे मालकीवाचून आणि सरकारवाचूनही नीट सांभाळू शकतात, हे सिद्धान्तरूपाने मांडल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मालवणच्या रापणकराला हे पाठ्यपुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. हा रापणकर आधीच पर्ससीन जाळ्यांशी आणि प्रकाशझोतांच्या मासेमारीशी झुंजून थकलेला आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले ते त्याच्या दीर्घ आंदोलनानंतर, आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी त्याला पुन्हा रस्त्यावर यावे लागले. समुद्राच्या बाजूने यंत्रनौका आणि जमिनीच्या बाजूने लग्नमंडप, यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत त्याने उभे राहावयाचे आहे.

त्याच पट्टीवर आणखी एक हक्कदार आहे. तांबळडेग, वायंगणी, तोंडवळी येथील वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालण्यास येतात. स्थानिक कासवमित्र आणि वनखाते ती घरटी राखतात. पिल्ले बाहेर पडली की क्षितिजावरील उजेडाच्या रोखाने चालू लागतात. समुद्राकडचा उजेड हाच त्यांचा होकायंत्र, आणि मंडपाचे झगझगीत दिवे त्यांना उलट दिशेला, मरणाकडे नेतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, तोच हंगाम कासवांचा आणि तोच रापणीचा. एकाच वाळूवर एकाच वेळी तीन दावे आहेत. पैशाचा दावा तेवढा नोंदविला जातो, कारण त्याची पावती फाटते. निसर्गरक्षणाच्या नावाने सरकार कठोर होऊच शकत नाही असेही नाही. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि निर्बंधांचे भय गाबीत मच्छीमाराच्या डोक्यावर टांगले गेले. तोच काटेकोरपणा मंडपवाल्याच्या बाबतीत का दिसू नये?

पाण्याचा हिशेब तर त्रैराशिकाचा आहे. एका लग्नाला तीनशे पाहुणे तीन दिवस राहिले, आणि पोहण्याचा तलाव व हिरवळ धरून माणशी रोज दोनशे लिटर पाणी लागले असे धरले, तर एक लक्ष ऐंशी हजार लिटर होतात. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी ठरविलेले प्रमाण रोज ५५ लिटरांचे आहे. त्या प्रमाणाने हेच पाणी सुमारे अकराशे वस्तीच्या गावाला तीन दिवस पुरते. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशा कात्रीतील वाळूची पट्टी आहे. अशा जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. पंपाने ते झपाट्याने उपसले की खालचे खारे पाणी वर येते, आणि शेजाऱ्याची विहीर मचूळ होते. पाहुणे रविवारी परत जातात. विहीर तेथेच राहते.

रोजगाराचा दाखला

या सगळ्याला एक उत्तर ठरलेले असते, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लग्ने येतात म्हणून पैसा येतो. फुलवाला, वाजंत्री, रिक्षावाला, खानावळ चालविणारी बाई यांच्या हाताला काम मिळते. तेही नको म्हणाल तर तरुणांनी मुंबईची गाडी धरावी काय? प्रश्न खोटा नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असता सिंधुदुर्गाची घटली, ८ लक्ष ६८ हजारांवरून ८ लक्ष ४९ हजारांवर आली. १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून गाजावाजा झालेल्या जिल्ह्याचे हे चित्र आहे. ज्या भूमीतून नाथ पै लोकसभेत गेले आणि १९७१ ते १९९१ मधु दंडवते निवडून येत राहिले, तेथे कोकण रेल्वेची मागणी चाकरमान्याला घर जवळ व्हावे आणि घराजवळ काम मिळावे म्हणून केली गेली होती. १९९८ साली रेल्वे पूर्ण झाली, २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला. घर जवळ आले. काम आले का, हा प्रश्न उरलाच.

तेव्हा पर्यटनाला सरसकट विरोध हा कार्यक्रम होऊ शकत नाही. विचारावयाचे ते हे, की कोणत्या प्रकारच्या पर्यटनात पैसा गावात मुरतो आणि कोणत्या प्रकारात वरच्यावर वाहून जातो. तारकर्ली-देवबागची खरी कमाई न्याहारी-निवासाच्या घरांनी केली. चार खोल्या, अंगणात जेवणाची सोय, घरच्याच बायकांच्या हातचे मासे-भात आणि सोलकढी. पर्यटकाने दिलेल्या रुपयातील मोठा भाग त्याच वाडीत फिरतो. लग्नाचे पर्यटन याच्या नेमके उलट स्वभावाचे आहे. तीनशे पाहुणे एकाच छताखाली हवेत, म्हणून चार खोल्यांचे घर त्यात बसत नाही. तेथे शंभर खोल्यांचे हॉटेल लागते. सजावट, आचारी, छायाचित्रकार, संगीताची यंत्रणा शहरातला कंत्राटदार आपली आपण घेऊन येतो. गावाच्या वाट्याला उरते ती भांडी घासण्याची, सामान वाहण्याची आणि दुसऱ्या दिवशी वाळूतला कचरा वेचण्याची हंगामी मजुरी. म्हणजे या धंद्याची वाढ छोट्या घरमालकाच्या वाढीतून होत नाही. ती त्याला बाजूला सारून होते, आणि तिची भूक अखेर जमिनीची असते.

जमिनीच्या भुकेचा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. शिरोडा-वेळागर येथे १९९० च्या दशकात पंचतारांकित हॉटेलासाठी जमीन संपादन झाली, आणि नंतर वर्षानुवर्षे ग्रामस्थ त्या जमिनीसाठी झगडत राहिले. ज्या शिरोड्यात हे घडले तेथेच १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता. समुद्राने किनाऱ्यावर जे आणून ठेवले ते सर्वांचे आहे, त्यावर सरकारने कर बसवून मक्ता करू नये, हे साधे तत्त्व घेऊन माणसांनी लाठ्या खाल्ल्या. मिठाच्या बाबतीत जे खरे होते ते वाळूच्या बाबतीत खोटे ठरण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ खटल्यात हेच तत्त्व कायद्याच्या भाषेत मांडले. समुद्र, किनारा, वाहते पाणी यांचा शासन हा विश्वस्त आहे, मालक नाही. ती संपत्ती खाजगी उपभोगासाठी कोणाच्या हवाली करण्याचा त्याला अधिकार नाही. तीन दिवसांसाठी दोर लावून अडविलेला किनारा हा तीन दिवसांचा विश्वासघातच आहे.

डामडौलाचे अर्थशास्त्र

थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली दाखवून दिले, की श्रीमंतांचा दिखाऊ उपभोग हा त्यांच्यापुरता राहत नाही. खालचा प्रत्येक थर वरच्याची नक्कल करू लागतो आणि प्रतिष्ठेची किमान किंमत सर्वांसाठीच चढत जाते. देशातील व्यापाऱ्यांच्या एका महासंघाने २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबर हंगामात ४८ लाख लग्नांतून ५.९ लक्ष कोटी रुपयांची उलाढाल होईल असा अंदाज वर्तविला होता. अंदाज व्यापाऱ्यांचा आहे, तेव्हा तो फुगलेलाही असेल. परंतु तो खरा धरला तर एका लग्नाचा सरासरी खर्च बारा लाखांच्या वर जातो. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न २०२३-२४ मध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास होते. एका माणसाची चार वर्षांहून अधिक कमाई एका समारंभात विरघळते, आणि ती ज्याच्यापाशी नाही तो कर्ज काढतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये राज्य दुष्काळाने होरपळत असताना चिपळूणला एका राज्यमंत्र्यांच्या घरच्या लग्नाचा थाट गाजला, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या अध्यक्षांना जाहीर नापसंती व्यक्त करावी लागली आणि मंत्र्यांना माफी मागावी लागली. तेव्हा लाज शिल्लक होती. आता त्याच थाटाला 'उद्योग' म्हणतात आणि त्याला सवलती देण्याची भाषा होते.

याचा अर्थ जुने गावचे लग्न आदर्श होते असा कोणी घेऊ नये. दारात माटव उभा राहायचा तो शेजाऱ्यांनी आणलेल्या बांबूंचा आणि विणलेल्या झापांचा, स्वयंपाकाला वाडी लोटायची, हे खरे. त्याच माटवात मानपानावरून भांडणे होत, हुंड्याचे आकडे ठरत, आणि पंगती जातीने पडत, हेही तितकेच खरे. त्या लग्नाला उत्तर म्हणून २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह पुरोहितावाचून आणि अल्प खर्चात लागला. त्या घटनेत साधेपणा आणि स्वातंत्र्य एकाच वेळी होते. आजच्या किनारी लग्नाने जुन्या माटवातील शेजार तेवढा टाकला, मानपान आणि हुंड्याचा नवा अवतार मात्र वाळूवर आणून ठेवला.

मागणी काय असावी

मागणी दुहेरी असली पाहिजे, आणि तिचे दोन भाग एकमेकांपासून तोडता कामा नयेत. पहिला भाग विशेष विवाह कायद्याचा. वधूवरांच्या नोटिशीचे जाहीर प्रदर्शन आणि परक्यांच्या आक्षेपांची तीस दिवसांची मुदत रद्द झाली पाहिजे. वय, पूर्वीचा विवाह आणि संमती यांची खातरजमा अधिकाऱ्याने कागदपत्रांवरून करावी. ते होईपर्यंत, प्रौढांच्या विवाहात ढवळाढवळ करणाऱ्या जमावांना आवरण्याचे आणि जोडप्यांना सुरक्षित निवारा देण्याचे जे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्तिवाहिनी खटल्यात दिले, त्यांची अंमलबजावणी जिल्ह्यात काय झाली याचा जाब कार्यकर्त्यांनी पोलीस अधीक्षकांना विचारावा.

दुसरा भाग किनाऱ्याचा. जी नोटीस जोडप्याच्या डोक्यावरून उतरवायची ती किनारा वापरणाऱ्याच्या दारावर लावावी. किनाऱ्यावर वा त्याला लागून शंभरांहून अधिक माणसांचा खाजगी समारंभ करावयाचा असेल तर तीस दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लागावी. पाणी कोठून आणणार, कचरा कोठे नेणार, दिवे किती आणि कोणत्या तोंडाचे, ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत, स्थानिक किती जण कामावर आणि कोणत्या मजुरीवर, हे त्यात लिहिलेले असावे. रापणकर, विहिरीचे शेजारी आणि कासवमित्र यांना हरकत घेण्याचा हक्क असावा, आणि हरकतीचा निकाल लेखी मिळावा. जाळे टाकावयाची वेळ आली तर मंडपाने वाट द्यावी, जाळ्याने नव्हे. घरट्यांच्या किनाऱ्यावर हंगामात रात्रीचे दिवे पूर्ण बंद असावेत. प्रत्येक पाहुण्यामागे किनारा-शुल्क घ्यावे आणि ते कोठल्याही मंडळाकडे न जाता ग्रामपंचायतीच्या स्वनिधीत, विहिरी आणि कचऱ्याच्या कामासाठी, जमा व्हावे. २०२० साली राज्याने किनाऱ्यावरील कुट्यांचे धोरण आखले तेव्हा तारकर्ली व कुणकेश्वर येथे स्थानिकांना प्राधान्य देण्याचे मान्य केलेच होते. कुटीला जी अट लागू, ती महालाला का नसावी?

हे सर्व होण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा रूढ आहेत. त्यांतील २ ऑक्टोबरची सभा तुळशीच्या लग्नाआधी, म्हणजे मुहूर्तांच्या आणि मंडपांच्या आधी येते. देवबागपासून शिरोड्यापर्यंतच्या प्रत्येक किनारी गावात त्या सभेपुढे वरील नोटिशीचा ठराव यावा, रापणकरांनी तो मांडावा आणि न्याहारी-निवास चालविणाऱ्या बायकांनी त्याला अनुमोदन द्यावे. आणि त्याच हंगामात एखादे जोडपे विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत भीतभीत नोटीस द्यायला गेले, तर साक्षीदार म्हणून लागणाऱ्या तीन सह्या आपल्या कार्यकर्त्यांच्या असाव्यात.